कवटीचा आकार आणि डोक्याचे दुखणे



मालवणच्या बाजारात नारळ घेणारे जाणते गिऱ्हाईक तुम्ही कधी निरखून पाहिले आहे काय? ते नारळाच्या आकाराकडे फारसे लक्ष देत नाही. नारळ उचलून कानाशी नेते, हलवून आतल्या पाण्याचा आवाज ऐकते, बोटाने टिचकी मारते आणि मगच पैसे काढते. माडाच्या एकाच पेंडीत नारळ दाटीवाटीने वाढतात. त्यामुळे कोणी लांबट, कोणी गोल, तर कोणी एका अंगाने चेपलेला निघतो. परंतु चेपलेल्या नारळाचे पाणी खारट असते, असे आपल्याकडचे लहान मूलही म्हणणार नाही.

नारळाच्या बाबतीत आपण दाखवतो तेवढी सावधगिरी माणसाच्या डोक्याच्या बाबतीत मात्र दाखवत नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत अकरावीचे विद्यार्थी भिंगाचे नाभीय अंतर मोजत होते. एक मुलगा दिव्याकडे पाठ करून, कपाळाची डावी बाजू तळहाताने दाबून उभा होता. चौकशी केली तेव्हा कळले, की महिन्यातून तीन-चार वेळा त्याचे अर्धे डोके असेच दुखते. उजेड सोसत नाही, उलटी होते आणि तो सबंध दिवस फुकट जातो. "डॉक्टरांना दाखवलेस का रे?" असे मी विचारले. तो खाली बघत म्हणाला, "आजी म्हणता, ल्हानपणी माजी टकली नीट वळूक नाय, म्हणान दुखता. आता हाडां थोडीच बदलतली, सर?"

त्याच्या डोक्याची मागची बाजू खरोखरच थोडी चपटी होती. दुखणेही खरे होते. परंतु या दोन खऱ्या गोष्टींना जोडणारा जो "म्हणून", तो कोणीही तपासून पाहिलेला नव्हता. त्या न तपासलेल्या एका शब्दाने काय केले पाहा. मुलाने उपचाराची आशाच सोडून दिली होती, कारण हाड बदलत नाही. आणि घरात डोके दुखण्याचा विषय निघाला, की बोल लागे तो त्याच्या आईला. बाळाचे डोके तिने नीट वळवले नाही ना! आजचा हा लेख त्या एका "म्हणून"साठी आहे.

पाळण्यातले डोके

आपल्याकडे बाळ जन्मले, की त्याला अंघोळ घालणारी बाई येते. ती खोबरेल तेलाने बाळाची टाळू भरते आणि तळहातांनी डोके हळुवार चोळून गोल करू पाहते. बाळाच्या डोक्याखाली मोहरीची मऊ उशी ठेवण्याचीही पद्धत आहे. या सगळ्यामागे माया आहे, आणि हात हलका असेल तर त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. पण जोर लावून डोके दाबणे मात्र कटाक्षाने टाळले पाहिजे.

बाळाच्या कवटीची हाडे जन्मतः एकमेकांना पक्की जोडलेली नसतात. त्यांच्यामध्ये शिवणी असतात आणि माथ्यावर टाळूची मऊ जागा असते. ही जागा साधारणपणे दीड वर्षापर्यंत भरून येते. हाडे सुटी असल्यामुळेच प्रसूतीच्या वेळी डोके थोडे लांबट होऊन बाहेर येऊ शकते, आणि पुढे मेंदू वाढतो तशी कवटीही त्याच्याबरोबर वाढते. म्हणजे मेंदू हा साच्यात ओतलेला रस नव्हे. उलट वाढणारा मेंदूच कवटीला आतून मोठी करीत असतो.

बाळ सतत एकाच कुशीवर किंवा पाठीवर निजले, तर डोके तेवढ्या बाजूने चपटे होते. अमेरिकेत १९९२ सालापासून बालरोगतज्ज्ञ आयांना सांगू लागले, की बाळाला पालथे न निजवता पाठीवर निजवा. त्यामुळे झोपेत अचानक होणारे बाळांचे मृत्यू पुष्कळ घटले. त्याबरोबर मागून चपटी डोकीही अधिक दिसू लागली. हा चपटेपणा मुख्यतः दिसण्याचा प्रश्न असतो, आणि मूल बसू-रांगू लागले की तो बराचसा कमीही होतो. थोडक्यात, त्या मुलाच्या आईच्या हातून कोणताही अपराध घडलेला नव्हता.

पेटी आणि तिच्यातला द्रव

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. तेव्हा कवटीकडे आपण क्षणभर एक बंद पेटी म्हणून पाहू. या पेटीत तीन गोष्टी असतात. सुमारे ८० टक्के जागा मेंदूची, सुमारे १० टक्के रक्ताची आणि उरलेली सुमारे १० टक्के एका पाण्यासारख्या स्वच्छ द्रवाची. हा द्रव मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यातही खेळत असतो. मोठ्या माणसात तो एकूण सुमारे १५० मिलिलिटर असतो, आणि दिवसभरात सुमारे अर्धा लिटर नवा तयार होऊन तेवढाच शोषला जातो.

हा द्रव कशासाठी? आर्किमिडीजला विचारा! मेंदूचे वजन हवेत सुमारे १४०० ग्रॅम भरते. मेंदूची घनता सुमारे १.०४ आणि द्रवाची सुमारे १.००७ धरा. आता उत्प्लावक बल वजा करून उरलेले वजन तुम्हीच काढा. उत्तर सुमारे ४५ ग्रॅम येईल. भरतीच्या वेळी खाडीत तरंगणारी जड होडी एका माणसालाही ढकलता येते, पण ओहोटीत तीच चिखलात रुतली की चार जणांना हलत नाही. मेंदूचेही तसेच आहे. काही कारणाने हा द्रव गळून कमी झाला, तर मेंदूचा आधार सुटतो आणि माणूस उठून बसताच त्याचे डोके भयंकर दुखू लागते. आडवे झाले की ते थांबते.

याउलट पेटीत काही वाढले, म्हणजे रक्तस्राव झाला, गाठ झाली किंवा द्रव तुंबला, तर पेटी ताणली जात नसल्यामुळे आतला दाब वाढतो. हा विचार एडिंबरोच्या मन्रो आणि केली या डॉक्टरांनी अनुक्रमे १७८३ आणि १८२४ साली मांडला. आजही मेंदूचे शल्यविशारद त्याच आधारावर हिशेब करतात.

आता पास्कलचा नियम आठवा. बंद भांड्यातील द्रवावर पडलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. भांडे गोल आहे की लांबट, याचा तेथे प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो आत किती माल आहे आणि द्रवाची वाट मोकळी आहे की नाही, याचा. म्हणून पेटीच्या बाह्य आकारावरून आतल्या दाबाचे अनुमान करणे हे पदार्थविज्ञानालाही धरून नाही.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. ज्या मेंदूमुळे आपल्याला सर्व वेदना कळतात, त्या मेंदूच्या स्वतःच्या पेशीजालात वेदना जाणणारे मज्जातंतू नसतात. काही शस्त्रक्रिया तर रुग्ण जागा असताना, त्याच्याशी बोलत बोलत केल्या जातात. दुखते ते मेंदूवरचे आवरण, तेथील रक्तवाहिन्या, आणि कवटीबाहेरचे मान-कपाळाचे स्नायू.

एकशे एकोणपन्नास कवट्या

"पण सर, डोक्याचा आकार आणि माणसाचे गुणदोष यांचा काहीतरी संबंध असेलच ना?" असे तुमच्यापैकी कोणी विचारील. हा प्रश्न नवा नाही. मोठमोठ्या विद्वानांनी तो विचारला आणि त्यांतले पुष्कळजण चुकले.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी गॉल नावाच्या जर्मन डॉक्टराच्या मतावरून युरोपभर लोक एकमेकांच्या डोक्यावरची टेंगळे चाचपून स्वभाव सांगू लागले. आपल्याकडे सामुद्रिक सांगणारा तळहात पाहतो, तेथे डोके पाहत, एवढाच फरक. पुढे १८४०च्या सुमारास स्वीडनमधील रेट्झियस याने डोक्याच्या रुंदीला लांबीने भागून १०० ने गुणायचे, असे माप सुचवले. त्याला शीर्षनिर्देशांक म्हणतात. डोके १८ सेंटिमीटर लांब आणि १४.४ सेंटिमीटर रुंद असेल, तर हा निर्देशांक ८० येतो. ७५ च्या खाली दीर्घकपाली, ७५ ते ८० मध्यकपाली, त्यावर पृथुकपाली, अशी वर्गवारी झाली. माप निर्दोष होते. पण त्या मापावरून कोणता मानववंश श्रेष्ठ आणि कोणता कनिष्ठ हे ठरवण्याची घाई झाली, आणि तेथे विज्ञानाचा पाय घसरला.

या कथेतले एक महत्त्वाचे पान एका मराठी स्त्रीने लिहिले आहे. तिचे नाव इरावती कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांची ही सून १९२८ साली मानवशास्त्र शिकण्यासाठी बर्लिनला गेली. तेथील कैसर विल्हेल्म संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हे तिचे मार्गदर्शक होते. गोरे युरोपीय लोक अधिक तर्कशुद्ध असतात आणि त्याची खूण त्यांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेत सापडेल, अशी फिशर यांची अटकळ होती. इरावतीबाईंकडे हेच काम आले. त्यांनी युरोपीय आणि युरोपाबाहेरील अशा एकंदर १४९ कवट्या बारकाईने मोजल्या.

निष्कर्ष काय निघाला? कवटीची असमानता आणि वंश यांचा काहीही संबंध दिसला नाही. मार्गदर्शकाच्या अटकळीविरुद्ध गेलेले हे उत्तर बाविशी-पंचविशीतल्या त्या परदेशी विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधात तसेच्या तसे मांडले. या धैर्याचे मोल पुढे कळले. १९३३ नंतर त्याच संस्थेचे शास्त्र हिटलरच्या वंशद्वेषाच्या सेवेला लावले गेले.

प्रबंधाच्या विषयाचे नावच मोठे बोलके आहे. मानवी कवटीची "सर्वसाधारण" असमानता! म्हणजे कवटी डाव्या-उजव्या बाजूंना थोडी वेगळी असणे हा आजार नसून तोच नेम आहे. आज रात्री आरशासमोर उभे राहा. एक कान किंचित वर, एक भुवई किंचित खाली दिसेल. अगदी काटेकोर सारखे डोके तुम्हाला बाहुलीचेच सापडेल, माणसाचे नाही.

इरावतीबाईंनी मोजमाप करणे सोडले नाही, हेही लक्षात ठेवा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी अनेक वर्षे संशोधन केले, आणि वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापांवर १९५१ साली एक ग्रंथ सिद्ध केला. मोजण्याला माझा विरोध नाहीच. मोजण्याआधी उत्तर ठरवून टाकण्याला आहे.

चार खाने

आता आजीकडे वळू. आजी खोटे बोलत नव्हती. तिने आयुष्यात चपट्या डोक्याची आणि डोके दुखणारी दोन-चार माणसे पाहिली असतील. मग तिचे चुकले कोठे?

समजा, एका वर्गात ४० मुले आहेत. त्यांतील १६ मुलांची डोकी मागून चपटी आहेत आणि १० मुलांचे डोके वरचेवर दुखते. या दोन गोष्टींचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही, असे धरा. तरीही चपटे डोके असून दुखणारी मुले किती सापडतील? ४० मध्ये १०, म्हणजे चौथा हिस्सा. १६ चा चौथा हिस्सा ४. ही चार मुले गावाच्या नजरेत भरतात. "बघा, चपटे डोके, म्हणून दुखते!"

परंतु वहीत एक चौकट आखा आणि तिचे चार खाने करा. चपटे आणि दुखणारे ४. चपटे पण न दुखणारे १२. चपटे नसून दुखणारे ६. चपटेही नाही आणि दुखतही नाही असे १८. बेरीज ४०. आता पाहा, चपट्यांमध्ये १६ पैकी ४, म्हणजे २५ टक्के. इतरांमध्ये २४ पैकी ६, म्हणजे तेही २५ टक्केच. संबंध शून्य! आजीने पहिला खाना पाहिला आणि उरलेले तीन पाहिलेच नाहीत. आपण सारेच असे करतो. मांजर आडवे गेल्यावर काम फसले तर लक्षात राहते, आणि मांजर आडवे जाऊनही काम झाले तर कोणी मोजत नाही.

चार खाने भरल्यावर आकडे थोडे वेगळे आले, तरी लगेच नाचू नये. चाळीसच मुले असतील तर एक-दोन मुलांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. शिवाय डोके मोजणाऱ्याला कोणाचे डोके दुखते हे आधीच ठाऊक असेल, तर नकळत पट्टी त्या बाजूला झुकते. म्हणून मोजणारा वेगळा आणि दुखण्याची नोंद ठेवणारा वेगळा हवा. आणि दोन गोष्टी खरोखर बरोबर जात असल्या, तरी तिसरीच एखादी गोष्ट दोहोंचे मूळ असू शकते.

याचे एक उदाहरण घ्या. क्लस्टर नावाची एक भयानक डोकेदुखी आहे. हजारात सुमारे एकाला ती होते. एका डोळ्याच्या मागे असह्य कळ येते, त्या डोळ्यातून पाणी वाहते, आणि काही आठवडे रोज जवळजवळ ठरलेल्या वेळी हे घडते. १९७०च्या दशकात काही डॉक्टरांच्या नजरेस आले, की या रुग्णांचे चेहरे रुंद, जाड कातडीचे आणि खोल सुरकुत्यांचे, काहीसे सिंहासारखे दिसतात. चेहऱ्याचा आणि दुखण्याचा संबंध सापडला असे वाटले. पण या रुग्णांत धूम्रपान करणारे पुष्कळ असतात, आणि धूम्रपानाने चेहऱ्याची कातडी तशीही सुरकुतते. १९९८ साली एका अभ्यासात या रुग्णांच्या कवटीची आतली मापे घेऊन निरोगी माणसांशी ताडून पाहिली गेली आणि काही फरक असल्याचेही सांगितले गेले. पण असे अभ्यास थोड्या रुग्णांवरचे असतात, आणि त्यांतून कारण सिद्ध होत नाही. त्याच वर्षी लंडनमधील संशोधकांनी दुखण्याचा झटका चालू असताना मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा हायपोथॅलॅमस हा मेंदूच्या तळाशी असलेला भाग जागा झालेला दिसला. शरीराचे घड्याळ सांभाळणारा भाग तेथेच आहे. दुखणे ठरलेल्या वेळी का येते, याचा धागा कवटीत नव्हे, तर असा आत मिळाला. या रुग्णांना मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिला, की अनेकांना पाव तासात आराम पडतो. हाडाचा दोष असता, तर प्राणवायूने तो कसा हटला असता?

जेथे आकार खरोखर महत्त्वाचा ठरतो

मग कवटीचा आणि डोकेदुखीचा संबंध कधीच नसतो काय? असतो. तो लपवणे हाही अप्रामाणिकपणा होईल.

काही बाळांच्या कवटीच्या शिवणी वेळेपूर्वीच जुळून येतात. मेंदूला वाढायला जागा पुरत नाही आणि दाब वाढू शकतो. हे बाळपणीच डॉक्टरांच्या लक्षात आले, तर शस्त्रक्रियेने सुधारता येते. काहींच्या कवटीचा मागचा-खालचा कप्पा लहान असतो, आणि लहान मेंदूचे टोक खालच्या मोठ्या छिद्रातून मानेकडे उतरते. १८९१ साली प्राग येथील कियारी या डॉक्टराने याचे वर्णन केले. अशा माणसाला खोकताना, शिंकताना किंवा जोर करताना डोक्याच्या मागे कळ येते. तरीही चित्रात असा दोष दिसणाऱ्या कित्येकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही!

तिसरा प्रकार कवटी आणि मान यांच्या सांध्याचा. मानेच्या दुसऱ्या मणक्याचे दातासारखे टोक काहींमध्ये वर सरकून कवटीच्या छिद्रात घुसते. ते किती घुसले हे पाहण्यासाठी अमेरिकेतील चेंबरलेन यांनी १९३९ साली क्ष-किरण चित्रावर एक सरळ रेषा आखण्याची रीत दिली. टाळ्याच्या हाडाच्या मागच्या टोकापासून त्या छिद्राच्या मागच्या कडेपर्यंत रेषा ओढायची, आणि मणक्याचे टोक तिच्या किती वर आहे ते मोजायचे. या सांध्याच्या शस्त्रक्रियेत आपल्या मुंबईचे नाव जगात मोठे आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल यांनी पहिले दोन मणके पट्ट्या आणि स्क्रू यांनी एकमेकांना पक्के बसवण्याची पद्धत १९९४ साली प्रसिद्ध केली, आणि ती पुढे देशोदेशी वापरात आली.

या तिन्ही ठिकाणी फरक कोणता आहे, तो ध्यानात घ्या. येथे दोष नेमका कोठे आहे ते मोजता येते, तो दुखणे कसे उत्पन्न करतो हे सांगता येते, आणि पुष्कळदा तो दुरुस्त केल्यावर त्रास कमी होतो. "डोके जरा वाकडे दिसते" एवढ्यावर येथे कोणी थांबलेले नाही. हे दोष विरळ आहेत, आणि त्यांतले दोन तर बाहेरून पाहून बहुधा कळतही नाहीत.

मग बहुतेकांचे डोके दुखते कशाने?

वरचेवर येणारे जे तीव्र दुखणे, ते पुष्कळदा अर्धशिशी असते. शेजारच्या कर्नाटकात बंगळूर शहर आणि आसपासच्या खेड्यांतील १८ ते ६५ वयाच्या लोकांची घरोघरी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्यांचे प्रमाण २५.२ टक्के निघाले. म्हणजे चारांत एक! एवढ्या लोकांच्या आयांनी बाळाचे डोके नीट वळवले नाही, असे का समजायचे?

अर्धशिशीत चेहऱ्याची व डोक्याची संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस उत्तेजित होते, आणि तिच्या टोकांशी काही रसायने पाझरून आवरणातल्या रक्तवाहिन्या वेदनाक्षम होतात. ही प्रवृत्ती घराण्यात चालत येते. स्त्रियांमध्ये ती पुरुषांच्या दोन-तीन पट आढळते. अपुरी झोप, उपाशी राहणे, कडक ऊन, मुलींमध्ये पाळीचे दिवस यांनी झटका येऊ शकतो. ही यंत्रणा उलगडणाऱ्या एडविन्सन, गोड्सबी, मॉस्कोविट्झ आणि ओलेसन या चौघांना २०२१ साली मेंदूविज्ञानातले मोठे पारितोषिक मिळाले, आणि त्यांच्या शोधावरून नवी औषधेही निघाली.

मला काय म्हणायचे आहे

आता माझे मत स्पष्ट सांगतो. डोक्याच्या आकाराला दोष देणे हे निरुपद्रवी अज्ञान नाही. ज्याच्यावर इलाज आहे असे दुखणे त्यामुळे नशिबाच्या खात्यावर जमा होते, एका निरपराध आईला जन्मभर बोल लागतो, आणि वर्गात एखाद्याला "चपट्या" म्हणून हाका मारण्याला शास्त्राचे खोटे पांघरूण मिळते.

म्हणून तुम्ही "म्हणून" हा शब्द ऐकलात, की चार खाने विचारा. घरातल्या मोठ्यांना उर्मटपणे नव्हे, तर समजावून विचारा. आजीचा अनुभव खोटा नसतो, तो अपुरा असतो. आणि शाळेत डोकी मोजण्याचा प्रयोग केलात, तर मापे नावाशिवाय लिहा. कोणाची थट्टा होईल असा आकडा फळ्यावर येता कामा नये.

ज्यांचे डोके दुखते त्यांनी दोन महिने एक वही ठेवावी. तारीख, दुखू लागल्याची वेळ, आदल्या रात्रीची झोप, खाणे, ऊन आणि घेतलेली गोळी, एवढे लिहावे. डॉक्टरांना ही वही पुष्कळ सांगते. चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. दुकानातून मनाने गोळ्या आणून महिन्यातले दहा-पंधरा दिवस त्या खाऊ नयेत, कारण तेवढ्या गोळ्यांनीच डोके रोज दुखू लागते. मात्र दुखणे एकाएकी आणि कधी नव्हे इतके तीव्र आले, ताप येऊन मान ताठ झाली, डोक्याला मार लागला, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, हातपाय लुळे पडले, पहाटे उलट्या होऊ लागल्या किंवा खोकताना डोके फुटतेसे वाटले, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्यालाही एक विनंती. डोके दुखते म्हणणारा प्रत्येक विद्यार्थी गणिताचा तास चुकवत नसतो. त्याला पाणी द्या, अंधाऱ्या शांत खोलीत थोडा वेळ पडू द्या, आणि वारंवार होत असेल तर पालकांना डॉक्टरांकडे धाडा.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचाराल. त्याच्या आईला मी भेटीस बोलावले आणि चार खान्यांची चौकट कागदावर काढून दाखवली. ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली, मग घडी घालून तो तिने पिशवीत ठेवला. डॉक्टरांनी तपासून अर्धशिशीचे निदान केले. औषध चालू झाले, जेवणझोपेच्या वेळा नीट झाल्या. दुखणे पूर्ण गेले नाही, पण महिन्यातून तीन-चार वेळा येणारे ते दोन महिन्यांतून एकदा येऊ लागले. डोके आजही मागून तितकेच चपटे आहे.